सुगंधाताई, तुमच्यामुळे माझं गाणंही टिकलं आणि नकलाही

सुगंधाताई मिश्रा, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची, शास्त्रीय गाणं शिकणारी. ऐकलेला आवाज हुबेहूब काढायची खोड मला लहानपणापासून. घरात त्याचं कौतुक व्हायचं, पण रियाझाला बसायला लागल्यावर जो तो सांगू लागला, "नकला बंद कर, गळा बिघडेल." 'गाणारीला हे शोभत नाही' हे तर उठता-बसता ऐकलं. दोन्हींपैकी एक सोडावंच लागणार, असं मीही धरून चालले होते. तेव्हा तुम्ही टीव्हीवर दिसलात.

तुम्ही जालंधरच्या, शास्त्रीय गाण्यातल्या इंदूर घराण्याच्या. आजोबा पंडित शंकरलाल मिश्रा हे याच घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे शिष्य, आणि तुमची तालीम आजोबांकडे झाली. झुमरा तालातल्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ ख्यालाचं, स्वरांचे क्रम बदलून बदलून मांडणाऱ्या मेरुखंडाचं हे घराणं! त्या घरची मुलगी 'लाफ्टर चॅलेंज'च्या मंचावर नकला करते आणि पुढे 2010 च्या 'सा रे ग म प'मध्ये गाऊन अंतिम फेरी गाठते, हे बघून मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

तुम्ही लतादीदींचा आवाज काढायचात, तेव्हा मी डोळे मिटून ऐकायचे. त्यांचं ते हळुवार बोलणं, शब्द संपता संपता आवाज अलगद सोडून देणं, आणि लगेच गाण्याची ओळ. मंच विनोदाचा, पण ओळ पक्की सुरात. लोक हसत असायचे आणि मी मात्र तुमचा श्वास कुठे पडतोय ते बघत बसायचे. मग उमगलं, की तालमीत आम्ही दुसरं काय करतो? गुरूंनी घेतलेली जागा, म्हणजे सुरावटीचा तो खास तुकडा, त्यांच्यासारखीच गळ्यातून निघेपर्यंत घोटतो. आवाजाचा लगाव (स्वर कसा लावायचा ते), खटका-मुरकीसारख्या स्वरांच्या झटपट हरकती, सगळं आधी कानाने टिपायचं. तुमच्या नकलेमागे तोच तालमीचा कान आहे. हे मी घरी ठणकावून सांगितलं, आणि तेव्हापासून तो वाद मिटला.

पुढे 'हीरोपंती'त (2014) तुम्ही अभिनय केलात, कपिल शर्मांच्या कार्यक्रमात शिक्षिका विद्यावती झालात. विद्यावती मला फार आवडायची; तिचं नुसतं बोलणंही लयीत असायचं. 2021 मध्ये डॉ. संकेत भोसलेंशी लग्न झालं, तेव्हा आमच्याकडे घरचंच कार्य असल्यासारखा आनंद झाला. तेही नकलाकार, संजय दत्तचा आवाज काढावा तो त्यांनीच.

आता मी सकाळी ख्याल घोटते आणि महिला मंडळांच्या कार्यक्रमांत गाण्यांच्या मध्ये आवाजही काढते. परवा तर माझ्या गुरुजींनीच मला त्यांची नक्कल करायला लावली!

हे सगळं तुमच्यामुळे, म्हणून मनापासून आभार. मिरजेला कधी आलात तर तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे मी स्वतः घेऊन जाईन. फक्त एक ख्याल आमच्यासाठी गा, पूर्ण, विलंबितापासून.

तुमची,
मिरजेची एक विद्यार्थिनी