यंदा बटाटा परसातच

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. म्हणजे अर्ध्यावर टाकून गोठ्याकडं निघून जाता येणार नाही.

आधी मुद्द्याचं. दादाचं आणि माझं ठरलंय, आणि मधल्या काकांच्या थोरल्याशी बोलणीही झालीत. यंदाच्या मृगाचा बटाटा तो लावणार. रस्त्याकडचं शेत फक्त, याच हंगामापुरतं, अर्ध्या वाट्यानं. गणपतीच्या आसपास बटाटा निघाला की शेत परत तुमच्या ताब्यात. उताऱ्यावर नाव तुमचंच आहे, दादानं परवाच काढून बघितला. पुढं कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल म्हणाल, तर तो घरचाच पोरगा आहे, तुमच्याच खांद्यावर बसून जत्रा बघायचा. बी जालंधरचंच आणि ज्योती जातीचंच घेणार, हेही मी त्याच्याकडून वदवून घेतलंय.

तुम्हाला आधी विचारलं नाही, हे खरं. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि रोहिण्या सुरू झाल्या की बियाण्याची पोती अंगणात येऊन पडली असती.

बाबा, राग धरू नका. फवारणीचा पंप भरला की सोळा लिटर पाणी पाठीवर, वर पंपाचं वजन, पायाखाली चिखल. पावसाळी बटाट्याला करपा आला की फवारणी आठवड्यानं चुकत नाही. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडाला धरून काय सांगितलं ते आईनं नीट ऐकलंय, तुम्ही ऐकलं नाही असं दाखवताय. ज्योती १९६८ साली शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनं आणली तेव्हा करप्याला दाद देत नव्हती. आता तिचं ते बळ राहिलेलं नाही, म्हणून फवारण्या वाढल्या. हे मी बटाट्याबद्दलच बोलतेय, उगीच दुसरा अर्थ काढू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते मला परत फोनवर ऐकायचं नाही, एवढंच.

पण तुमच्या हाताला बटाट्याची माती लागली नाही तर तुम्ही आईला दिवसभर छळणार, हे आम्हाला कळतं. म्हणून परसात हौदाजवळ दादा कट्टा बांधून घेतोय, दोन-अडीच फूट उंच, तुमच्या कमरेला येईल असा. गवंडी सोमवारी येईल. त्यावर गोण्या ठेवायच्या आणि गोण्यांत बटाटा. हसू नका. इथं पुण्यात माझ्या गच्चीवर गेल्या थंडीत हेच केलं, आणि जावईबापूंनी न सांगता दोनदा भाजी मागून घेतली.

परसात नेहमीसारख्या सऱ्या ओढल्या तर काय, असं तुम्ही विचारणारच. पीक सरीतच चांगलं येतं, मान्य. दोन फुटांवर सरी, वीतभर अंतरानं बी, रोप वीतभर झालं की मातीची भर, पुढं दोन-तीन आठवड्यांनी परत भर. पण ती भर घालायला कुदळ लागते आणि कुदळीला वाकावं लागतं. सरी नाही म्हणजे नाही.

आईसाठी मात्र एक गंमत आहे. जमीन नुसती भुसभुशीत करायची, बी वरच मांडायचं, खणायचं काही नाही, आणि वर भाताचं पिंजर चांगलं वीतभर जाड पसरायचं. पिंजर दबलं की आणखी टाकायचं. काढणीला पिंजर बाजूला सारलं की स्वच्छ बटाटे हाताला येतात. सरीपेक्षा थोडे कमी मिळतात. पण हे पावसात करायचं नाही. ओल्या पिंजरात गोगलगाई होतात, बी कुजतं. दसऱ्यानंतर कर, चुलीमागच्या त्या एवढ्याशा वाफ्यात. आई, तू खुर्चीवर बसून काठीनं पिंजर सारायचं आणि बटाटे कामाला येणाऱ्या मावशींनी उचलायचे. गुडघे टेकून बसलीस की मला कळवायला वहिनीला सांगून ठेवलंय. आणि पिंजर विरळ झालं तर उजेड लागून बटाटे हिरवे होतात. ते भाजीत घालू नकोस. नुसती साल काढून भागत नाही, टाकूनच द्यायचे. तू काहीच टाकत नाहीस म्हणून दोनदा सांगतेय.

मोबाईलवर तारेच्या जाळीचे पुरुषभर उंच मनोरे दाखवतात, वरपासून खालपर्यंत बटाटे लगडलेले. बाबा, दादाला ते बांधायला लावू नका. ज्योतीसारख्या जाती बियाच्या वर वीतभर मातीतच गड्डे धरतात. बाकी सगळी माती फुकट भरायची. जुन्या टायरांचंही तेच, शिवाय उन्हात तापतात.

आता गोणीचं नीट वाचा, आई, तूही ऐक. काळी पिशवी नको, मुळं भाजतात. खताची पांढरी पोती स्वच्छ धुवून घ्या, बुडाला आणि कडेला बोटभर भोकं पाडा. नुसती आपली लाल माती भरलीत तर महिन्याभरात वीट होते. निम्मी माती, बाकी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि गिरणीतलं भाताचं तूस. ताजं शेण घालायचं नाही, बटाट्याच्या सालीवर खवले येतात. पोत्याच्या कडा खाली दुमडून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा, वर दोन किंवा तीन बी, त्यावर चार बोटं माती. रोप वाढेल तसं पोतं उलगडत जायचं आणि माती चढवत जायचं. वाटीनं चढवली तरी चालते, घमेलं उचलायचं कारणच नाही.

पावसाळ्यात दोनच गोण्या. कट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला, जिथं सकाळचं ऊन येतं आणि पागोळी पडत नाही. त्यांना बी अख्खं लावा, कापलेलं पावसात सडतं, हे तुम्हीच मला शिकवलंय. बाकीच्या गोण्या दसऱ्यानंतर. तेव्हा बी कापलंत तरी चालेल, दोन-तीन डोळे ठेवून, राख लावून, एक-दोन दिवस सावलीत सुकवून. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे म्हणून पावसाळ्याच्या गारव्यातही आपल्याकडं बटाटा धरतो. तरी रात्रीची थंडी मिळाली की गड्डा खरा पोसतो. पुण्याच्या मे महिन्यात मी गोणीत पाल्याशिवाय काही उगवून दाखवणार नाही, पण आपल्या परसात कार्तिकातल्या रात्री तुम्हाला फुकट मिळतात. गोणीमागं दीड-दोन किलो निघाले तरी खूप, आपल्याला काही बाजार समितीत न्यायचे नाहीत.

जिथं मिरची, वांगी, टोमॅटो होते ती माती गोणीत भरू नका. बटाटा त्यांच्याच कुळातला, एकाचा रोग दुसऱ्याला जातो. आणि आई, टोपलीतल्या जवारी बटाट्याला कोंब फुटले म्हणून ते लावायला काढून ठेवू नकोस. बाबांना बी मिळेल, थोरला पाच किलो बाजूला ठेवणार आहे.

करपा आलाच तर पाठीवरच्या पंपाची गरज नाही. डाग पडलेली पानं तोडून जाळायची आणि हातातला एक लिटरचा फवारा मारायचा. दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यात, आणि लगेच वापरून संपवायचं.

मोरचूद लिहिलं आणि लहानपण आठवलं. तुम्ही एका बादलीत मोरचूद, दुसरीत चुना विरघळवून दोन्ही धारा एकदम पिंपात सोडायचात, आणि मला विळा बुडवून धरायला सांगायचात. मी श्वास रोखून उभी. पात्यावर तांबूस थर आला की "चुना कमी पडला" म्हणून आणखी निवळी, आणि पातं जसंच्या तसं निघालं की माझ्या डोक्यावर टपली. शाळेच्या झग्याला पडलेला निळा डाग आईनं लिंबू घासघासूनही गेला नव्हता. दादाला विळा कधी दिला नाहीत तुम्ही, त्याचं त्याला अजून वाईट वाटतं. शेत बाळगणं म्हणजे काय ते मला त्या पिंपापाशी कळलं, बाबा. तुमच्याकडून ते काढून घ्यायची माझी हिंमत नाही. फक्त ओझं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचंय. बांधावर खुर्ची टाकून बसा, थोरल्याला वाटेल तेवढं बोला. तो ऐकून घेणार आहे, तसं ठरलंय.

मोरीत धरायची दांडी बसवून झाली का ते कळवा. रात्रीचा दिवा पॅसेजमध्ये चालू ठेवायचा, बिल मी भरते. गोळ्यांच्या डबीत सकाळचा कप्पा पांढरा आणि रात्रीचा निळा आहे, उलटं करू नका. पाण्याची नळी कट्ट्यापर्यंत पुरते का ते दादा बघेल, तुम्ही बादल्या उचलायच्या नाहीत. परसात चपला घालून जायचं.

पाऊस लागायच्या आधी मी येऊन जाईन. तोपर्यंत पोती धुवून वाळवून ठेवा, भोकं मी आल्यावर पाडू.

तुमची,
धाकटी

ता. क. पंप दादा शुक्रवारी थोरल्याकडं पोचवणार आहे. बाबा, तो माळ्यावर सरकवून ठेवू नका. आईला शिडी कुठं असते ते माहीत आहे.