आयटीआय आठवते ती सगळ्यात शेवटी

मा. संपादक,

दहावीचा निकाल लागला की कोकणात चर्चा दोनच: सायन्स की मुंबई. तालुक्याची सरकारी आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आठवते ती सगळीकडचे प्रवेश हुकल्यावर. केंद्राने १९५० मध्ये सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून या संस्था आल्या. इथले ट्रेड, म्हणजे व्यवसायांचे अभ्यासक्रम, असे: वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), जोडारी (फिटर) दोन वर्षांचे. संधाता, म्हणजे वेल्डर, एकाच वर्षाचा आणि त्याला केंद्राच्या निकषानुसार आठवी पास पुरते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर अभियांत्रिकी पदविकेच्या (डिप्लोमाच्या) थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे किती पालकांना ठाऊक असते?

घोळ होतो तो प्रवेशात. ऑनलाइन अर्ज भरणे वेगळे, मूळ कागद दाखवून तो निश्चित करणे वेगळे आणि ट्रेडचे विकल्प भरणे वेगळे. विकल्पच भरले नाहीत, तर गुणवत्ता यादीत नाव असूनही जागा मिळत नाही. पहिला विकल्प तर विचार करूनच टाकावा.

आता कार्यशाळेबद्दल. आपल्याकडच्या पावसात वेल्डिंग रॉडचे उघडे पाकीट दोन दिवसांत दमट होते. मग ठिणग्या फार उडतात, जोडात बारीक छिद्रे पडतात आणि पोरगा समजतो आपला हातच वाईट! साधे ६०१३ क्रमांकाचे रॉड शंभरेक अंशांवर तासभर सुकवले तरी भागते; ७०१८ क्रमांकाच्या रॉडना मात्र तीनशेच्या आसपास तापमान लागते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या प्रत्येक संस्थेत रॉड सुकवायची भट्टी असावी, आणि ती जूनआधी चालू करून पाहावी.

– दोन निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआयचे प्रशिक्षक), रत्नागिरी