आई, इथली ‘विक’ आणि तुझी अंगणवाडी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू म्हणालीस, “मोबाइलवर बघून बाळंतिणीचं काय कळणार गं?” बाळ कडेवर असताना फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. वहिनीचे दिवसही जवळ आलेत, तिलाही वाचून दाखव.

इथे अमेरिकेत ‘विक’ (WIC) नावाची सरकारी योजना आहे. गरोदर बाया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी. तुला गंमत वाटेल, पण ही योजना आरोग्य खात्याची नाही, कृषी खात्याची आहे. 1972 मध्ये प्रायोगिक सुरू झाली आणि 1975 मध्ये कायम झाली, म्हणजे तुझ्या अंगणवाडीची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली त्याच वर्षी! उत्पन्न गरिबीरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत असलं तर ती मिळते. तुझ्या जावयांच्या विद्यावेतनावर आमचं तिघांचं घर चालतं, त्यामुळे आम्ही त्या मर्यादेत बसलो. यात कमीपणा काही नाही. दर महिन्याला कार्डावर दूध, अंडी, कडधान्य, भाजी-फळं जमा होतात. बाळाला पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आईला सगळ्यात जास्त शिधा मिळतो, आणि तोही बाळ वर्षाचं होईपर्यंत. न पाजणाऱ्या आईचा सहा महिन्यांनी थांबतो. वरचं दूध लागणाऱ्या बाळाला तेही देतात, नाक न मुरडता. योजना कुणीतरी जाणत्याने आखलीय असं मला यावरून वाटलं.

पूर्वी नाव नोंदवायला आईने आणि बाळाने केंद्रात प्रत्यक्ष जावंच लागे. 2020 मध्ये कोविडमुळे कायद्याने त्यात सूट दिली आणि फोनवर, व्हिडिओवर काम सुरू झालं. साथ ओसरल्यावरही ते बंद केलं नाही. बर्फात ओल्या बाळंतिणीने दोन बस बदलून जायचं म्हणजे काय, याचा विचार कर. माझ्यासाठी ही सोय म्हणजे चैन नव्हती.

आता तुझा प्रश्न. पहिल्या आठवड्यात पाजताना जीव जात होता. दोन्हीकडे चिरा पडलेल्या, आणि बाळ तासन्‌तास लागलेलं. विकची पिअर काउन्सेलर व्हिडिओवर आली. या बाया डॉक्टर किंवा नर्स नसतात. स्वतः पाजलेल्या, आपल्यासारख्याच परिस्थितीतून गेलेल्या आया, त्यांना प्रशिक्षण देऊन नेमतात. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते, तर तिला नुसता काळोख दिसत होता. तिने आधी मला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि ह्यांना माझ्या खांद्यामागून फोन धरायला सांगितलं, म्हणजे मी जे वरून बघते तेच तिलाही दिसेल. तिच्या हातात एक बाहुली होती आणि कापडाचा शिवलेला स्तन. बाळाचं पोट माझ्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. मग थांबायचं. तोंड जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. आधी हनुवटी टेकली पाहिजे, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून दिसला तरी खालून तोंडात जास्त गेला पाहिजे. मागून डोकं दाबायचं नाही, मानेखाली आणि खांद्यांना आधार द्यायचा.

मग ती म्हणाली, “आता बघू नकोस, ऐक.” खोलीत सगळे गप्प. दोन-तीनदा ओढल्यावर एक बारीकसा गिळण्याचा आवाज, मग पुन्हा. तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. बाळाने सोडल्यावर तिने स्तनाग्र बघायला लावलं. ते गोल राहिलं तर ठीक, चपटं तिरकं झालं तर पकड अजून चुकतेय. त्या दिवशी ते थोडं चपटंच होतं. चिरा भरायला पुढे बरेच दिवस गेले, पण दात-ओठ खाऊन पाजणं त्या दिवसापासून थांबलं.

आई, यात मशीनचं कौतुक फार नाही. तिला काय विचारायचं ते ठाऊक होतं, याचं आहे. दिवसाला किती वेळा पाजतेस? नवजात बाळाला आठ ते बारा वेळा लागतं. पाचव्या दिवसानंतर लघवीची लंगोटी दिवसाला निदान सहा वेळा ओली होते का? तू गृहभेटीत हेच विचारायचीस, मी तुझं बोट धरून यायचे तेव्हापासून ऐकलंय.

आणि जिथे मोबाइलचा पडदा पुरत नाही तिथे तिने तो पुरतो असं भासवलं नाही. वजन व्हिडिओवर होत नाही. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण ते दहा टक्क्यांच्या आत राहावं आणि दोन आठवड्यांत जन्माइतकं व्हावं, हे काट्यावरच कळतं. ती स्पष्ट म्हणाली, उद्या काट्यावर ठेवून आण, मला आकडा कळव. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला, बाळ उठवूनही पीत नसलं, किंवा आईच्या छातीला लाल गाठ येऊन ताप चढला, तर व्हिडिओची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे सांगणारी बाई मला विश्वासाची वाटते.

आहारतज्ज्ञ वेगळी, तिच्याशी फोनवरच बोलणं झालं. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लंस, एवढंच तिने शांतपणे विचारलं. भाकरी, वरण, हळिवाची खीर, सगळं ऐकून घेतलं, काहीच बंद करायला लावलं नाही. मी अंडी-मासे खात नाही म्हटल्यावर मात्र बी-12 तपासायला सांगितलं. आईतच ते कमी असलं तर दुधातही कमी उतरतं आणि बाळाच्या रक्तावर, मज्जातंतूंवर परिणाम होतो. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज, 400 युनिट, तेही तिनेच लक्षात आणून दिलं.

वहिनीसाठी तुला एक मागणं आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळ अंगावर लावू दे, चीक वाया जाता कामा नये. आणि आत्या मध चाटवायला येईल, तिला तू अडव, मी सांगून ऐकायची नाही. वर्षाच्या आत मध नाहीच, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळा असला तरी. तुझं ते ऐकतील, तू एवढी वर्षं गावातल्या बाया सांभाळल्यास.

तुमच्याकडेही सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टर व्हिडिओवर भेटतात, दादाला फोनवर ते लावून ठेवायला सांग. पण पहिले आठ-दहा दिवस वहिनीजवळ तूच बस. पाजताना दुखतंय असं ती म्हणाली तर “होईल सवय” म्हणून सोडू नकोस. पकड बघ, आणि तुलाही उलगडलं नाही तर मला व्हिडिओ लाव, तिला उजेडाकडे तोंड करून बसव.

मागच्या महिन्यात वहिनीचं हिमोग्लोबिन किती आलं ते कळव, आणि लोहाच्या गोळ्या ती चहाबरोबर घेते का तेही बघ. चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. ती. बाबांना नमस्कार.

तुझी,
लेक