दप्तराविना दहा दिवस आमच्या मुलांना कधी मिळणार? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या एका तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून निसर्ग आणि डिझाइनच्या कार्यशाळा घेतो. गेल्या सोमवारी सातवी-आठवीच्या मुलांची, शिक्षण धोरणातल्या दप्तराविना दहा दिवसांत बसणारी कार्यशाळा सुरू व्हायची होती. माणग्याचे बांबू तोडून शाळेच्या पडवीत आणून ठेवले होते. बुरूडकाम करणारे शेजारच्या वाडीतले काका स्वतःचं काम बाजूला ठेवून येणार होते. रविवारी रात्री मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "सर, वरून निरोप आलाय, आत्ता नको. ऑनलाइन माहिती भरायचीय, सराव परीक्षा आहेत." लेखी काहीही नाही. मुलांना कुणी कळवलंच नव्हतं, ती सोमवारी दप्तर न घेता आली. त्यांना घरी पाठवून दप्तरं आणायला लावली.

ज्या कार्यालयातून हा निरोप आला, तिथल्याच साहेबांनी जूनमध्ये व्यासपीठावरून जाहीर केलं होतं की यंदा तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत ही कार्यशाळा होईल. तालुक्याचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस साहेबांना जाणार नाही, बाईंना जाईल.

या कार्यशाळेत काय होतं ते आधी ऐका, कारण फायलीत तिच्यावर 'अवांतर उपक्रम' असा शेरा आहे.

आमच्याकडे विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीची घरटी लटकलेली असतात. पावसाळा सरला की त्यातली रिकामी, खाली पडलेली घरटी आम्ही गोळा करतो. मुलं आधी नुसती बघतात, मग चित्र काढतात, मग एक घरटं धागा धागा सोडवतात. पात्याच्या कडा चिरून काढलेल्या त्या चिंध्या किती लांब आहेत, गाठ कुठे मारली आहे, वजन कुठे पेललं आहे, हे हातानेच कळत जातं. घरटं नर विणतो. ते अर्धं झालं की मादी येऊन पारखते आणि तिला पसंत पडलं नाही तर तो दुसरं विणायला घेतो, हे सांगितलं की मुली खूश होतात. आतमध्ये चिखलाचे गोळे चिकटवलेले सापडतात. ते कशाला? मी उत्तर देत नाही. एकदा त्यावर अर्धा दिवस वाद झाला. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, वाऱ्यात घरटं गरगरू नये म्हणून वजन ठेवलंय. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही हेच कारण मांडलं आहे. त्या मुलाने ते कुठेही वाचलेलं नव्हतं.

मग बांबू येतो. माणगा जवळजवळ भरीव, कळक ही बांबूची दुसरी जात पोकळ. कुठला जास्त वजन घेईल? मुलं पैजा लावतात, वाळूची पिशवी टांगून बघतात. मग काका कोयत्याने कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, काढायला शिकवतात. त्यातून मुलं घरात ज्याची अडचण आहे अशी वस्तू बनवतात. एका मुलीने आजीसाठी टोपली केली. आजीचा एक हात अधू आहे, म्हणून टोपलीची कड एका बाजूला उतरती ठेवली. डिझाइन म्हणजे हेच, महोदय. माणसाकडे नीट बघायचं, मग हात चालवायचा.

हीच मुलं माझ्याकडे पहिल्यांदा येतात तेव्हा कागद दिला की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली झोपडी काढतात. शाळेच्या खिडकीतून अख्खा सह्याद्री दिसतो आणि त्यात एकही त्रिकोणी डोंगर नाही. सात-आठ वर्षं शाळेत जाऊन त्यांना कुणी "बाहेर बघ" म्हटलेलं नसतं. सर्जनशीलता मुलांत असतेच. आपण ती फळ्यावरून उतरवून घ्यायला लावून विझवतो.

मी सरकारकडे नवीन काहीच मागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या काळात मुलांना दहा दिवस दप्तराविना मिळावेत आणि त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं. २०२४मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचनाही आल्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कला, कार्यशिक्षण आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, सांगितले आहेत. आमच्या भागात ते निदेशक शोधून दाखवा. शंभराखाली पट असलेल्या वाडीवस्तीच्या शाळेला तर कायद्यानेही वाऱ्यावर सोडलं आहे. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, म्हणजे याच महाराष्ट्राच्या मातीत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून तो करून दाखवला. इतकं सगळं घरात असताना आमच्या मुलांच्या वाट्याला सराव परीक्षा का?

आता माझं ऐका. मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो. वडील अजूनही विचारतात, यातून मिळतं काय? दोन वर्षांपूर्वीच्या कार्यशाळेचे पैसे अजून मिळालेले नाहीत. बिल घेऊन गेलो तर सांगितलं, बांबूची जीएसटी पावती आणा, तीन कोटेशनं आणा. परसातला बेट तोडून बांबू विकणारा शेतकरी जीएसटी पावती कुठून देणार? काकांना मानधनासाठी बोलावलं आणि दुपारपर्यंत कार्यालयाच्या जिन्यात बसवलं. मग पॅनकार्ड नाही म्हणून परत पाठवलं. साठीच्या पुढचा माणूस, ज्याच्या हातातली कला तुमच्या धोरणात गौरवाने लिहिली आहे, तो एसटीत माझ्या शेजारी बसून म्हणाला, "पुन्हा मला नको रे बोलावू." त्यांचे पैसे मी खिशातून दिले. तो अपमान मी कुठून भरून देऊ? त्यांना पुन्हा तयार करायला महिने लागले, आणि आता हा रविवारचा फोन.

पैसे नाहीत असं मला सांगू नका. शाळेत यंत्रं, उपकरणं हाताळायला उभारल्या जाणाऱ्या एका अटल टिंकरिंग लॅबला केंद्राकडून वीस लाखांपर्यंत रक्कम मिळते. माझ्या एका कार्यशाळेचं सामान आणि कारागिराचं मानधन धरून खर्च पाच-सहा हजारांवर जात नाही. हिशेब ढोबळ धरला तरी एका लॅबच्या पैशात तीनशेहून जास्त शाळांत कार्यशाळा होतात. लॅब नकोत असं मी म्हणत नाही. पण थ्रीडी प्रिंटर लावण्याआधी मुलाला बांबूचं पेर ओळखता यावं.

आणि हे एका कार्यालयाचं दुखणं नाही. शिक्षक वर्गात कमी आणि पोर्टलवर जास्त असतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळेत नेण्याची भाषा होते, आणि अशा शाळा राज्यात हजारोंच्या संख्येने आहेत. त्या वाडीतच असतात, ओढ्याच्या काठी, जिथे निसर्ग शिकायला बसही लागत नाही. त्या मोडून मुलांना गाडीत कोंबायचं आणि मग निसर्ग सहलीचा जीआर काढायचा, ही कुठली रीत? देशात डिझाइनची संस्था, एनआयडी, अहमदाबादेत १९६१ला उभी राहिली. तिच्या मुळाशी असलेल्या १९५८च्या अहवालात ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने आपल्या साध्या तांब्याच्या घडणीचं मनापासून कौतुक केलं होतं. ज्या खेड्यातून तो तांब्या आला, तिथल्या मुलांना आज त्या संस्थेचं नावही माहीत नाही. प्रवेश परीक्षेचे क्लास शहरात, फी शहरातली. आमची मुलं बारावीनंतर मुंबईला जाऊन पार्सलं पोचवतात. त्यांच्यात कला नव्हती म्हणून नव्हे, त्यांना कुणी विचारलंच नाही म्हणून.

मला एवढंच हवं आहे. दप्तराविना दहा दिवसांच्या तारखा जूनमध्येच जाहीर करा आणि त्या दिवसांत शाळेला दुसरं कुठलंही काम लावू नका, ना माहिती, ना परीक्षा, ना पाहुण्यांचं स्वागत. गावातल्या कारागिराचं मानधन शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीवर, साध्या पावतीवर त्याच दिवशी देता येईल असा आदेश काढा. आणि त्याआधी, या आठवड्यात, आमच्या बाईंना लेखी परवानगी द्या. पडवीतला माणगा अजून ओला आहे. तो सुकला की त्याच्या कामट्या निघत नाहीत, आणि नवीन बांबू तोडायला माझ्याकडे या वर्षी पैसे उरलेले नाहीत.

आपला,
निसर्ग आणि डिझाइन कार्यशाळा घेणारा एक नागरिक