सर्कल काढू नका, आधी रेषा काढा

महोदय,

चौकातलं सर्कल काढून तिथे सिग्नल बसवा, अशी मागणी आमच्या नायगाव-दादर भागात अधूनमधून होत असते. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या सभेतही ती झाली आणि पहिला हात माझ्या बायकोने वर केला. तिला दोष देता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या छोट्या सर्कलवर ती भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. एका मोटारसायकलवाल्याने पूर्ण वळसा वाचवायला गाडी बेटाच्या उलट्या बाजूने घातली. ती उजवीकडे बघत होती, तो डावीकडून आला. मनगट मोडलं. कणीक मळताना ते अजून दुखतं.

मी मात्र हात वर केला नाही. का, ते सांगायला हे पत्र.

31 वर्षं मी बेस्टची बस चालवली, त्यातली बरीच वर्षं डबलडेकर. निवृत्तीनंतर तीन महिने मुलीकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला राहिलो. सकाळचा चहा झाला की तिच्या घराजवळच्या सर्कलपाशी जाऊन उभा राहायचो, कारण तिथे जे दिसत होतं ते मुंबईत 31 वर्षांत दिसलं नव्हतं. सर्कलच्या प्रत्येक तोंडावर पांढरे त्रिकोण रंगवलेले, टोकं येणाऱ्या गाडीकडे. तिथले लोक त्यांना शार्कचे दात म्हणतात. त्या दातांपाशी आलेली गाडी मंदावते, आत कोणी फिरत असेल तर थांबते, तो गेला की शिरते. शिट्टी नाही, हवालदार नाही. झेब्रा तोंडाला चिकटून नाही, एक मोटार मावेल इतका मागे. त्यामुळे बाहेर पडणारी गाडी माणसासाठी थांबली तरी तिची शेपटी वर्तुळात राहत नाही. शिवाय प्रत्येक तोंडाशी मधोमध एक निमुळता दुभाजक. पायी चालणारा अर्धा रस्ता ओलांडून त्यावर उभा राहू शकतो आणि येणाऱ्या गाडीला वर्तुळाच्या योग्य दिशेनेच वळावं लागतं. माझ्या बायकोचं मनगट त्या एका दुभाजकाने वाचलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी बस चालवलेल्या माणसाच्याच नजरेत भरेल. तिथे बेटाभोवती किंचित उंच असा दगडी पट्टा असतो. मोटारवाले त्यावर जात नाहीत, पण बसचं मागचं चाक बिनघोर चढतं. लांब गाडी वळताना मागचं चाक आत कापतं. इथे ते कठड्याला घासू नये म्हणून मी किती वेळा शेजारच्या लेनमध्ये तोंड घालून वळलो असेन आणि किती दुचाकीवाल्यांचे शिव्याशाप खाल्ले असतील!

सगळ्या युरोपात असंच आहे, असं समजू नका. जावयाने आम्हांला गाडीने पॅरिसला नेलं. आर्क द त्रिओंफ या कमानीभोवतीच्या सर्कलला 12 रस्ते येऊन मिळतात, आत लेनचे पट्टे नाहीत आणि तिथे बाहेरून शिरणाऱ्याला आधी वाट द्यायची. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, हा त्यांचा जुना नियम. मी चमकलो, कारण लायसन्स काढताना मलाही हेच शिकवलं होतं: उजवीकडच्याला वाट द्या. पण ते उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून त्यांचा उजवीकडचा म्हणजे बाहेरून शिरणारा. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणून आपला उजवीकडचा म्हणजे आधीपासून आत फिरणारा. वाक्य एकच, पण तिथे सर्कल भरत जातं आणि इथे ते रिकामं व्हायला हवं. फ्रान्सनेही 1980 च्या दशकात बाकीच्या सर्कलवर आतल्याला आधी जाऊ द्यायचा नियम आणला आणि मगच तिथे गावोगाव सर्कल झाली. ब्रिटनमध्येही पूर्वी सर्कल अशीच तुंबायची. 1966 मध्ये त्यांनी शिरणाऱ्याला थांबायला लावलं, मग बेटं लहान करता आली, इतकी की काही ठिकाणी रस्त्यावर नुसता पांढरा गोल रंगवून भागतं.

म्हणजे योग्य नियम आपल्याकडे पहिल्यापासून आहे. पण आपल्या सर्कलवर जो नाक घालेल त्याचा रस्ता. थांबायचं कुठे, ते दाखवणारी रेषाच पुसलेली असते, नाहीतर त्या रेषेवर टेम्पो उभा असतो.

सर्कलचे तोटे मला मान्य आहेत. एका रस्त्यावरून गाड्यांची रीघ लागली की बाकीच्या तोंडांवरचे ताटकळतात. अंध माणसाला सिग्नलवर गाड्या थांबल्याचं कानांनी कळतं, सर्कलवर आवाज तुटतच नाही. दोन-तीन लेनचं सर्कल असेल तर आतल्या लेनमधून थेट बाहेर कट मारणारे असतातच. स्पेनमध्ये आधी बाहेरच्या लेनमध्ये यायचं आणि मगच बाहेर पडायचं, असा नियम आहे. डच लोकांनी त्यावर रस्त्यातच उपाय केला: 1996 मध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठातून निघालेल्या टर्बो सर्कलमध्ये शिरण्याआधीच लेन निवडावी लागते आणि आत लेनच्या मध्ये बुटके कठडे असतात. म्हणून किंग्ज सर्कलसारख्या ठिकाणी संध्याकाळी सिग्नल नको, असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं वस्तीतल्या छोट्या सर्कलपुरतं आहे. बेट राहू द्या. प्रत्येक तोंडावर त्रिकोण रंगवा, निमुळता दुभाजक घाला, झेब्रा एक गाडी मागे घ्या आणि तोंडापासून चार गाड्यांच्या अंतरात काहीही उभं करू देऊ नका. पहिले काही महिने हवालदार लागेल, फक्त त्याने शिरणाऱ्याला थांबवावं, आत फिरणाऱ्याला नव्हे. आज बरोबर उलटं होतं.

आमच्या सर्कलचा असा नकाशा मी वहीच्या कागदावर काढून पुढच्या सभेसाठी ठेवला आहे. तो बघून बायको म्हणाली, झेब्रा मागे घ्या, पण भाजीवाल्याच्या पलीकडे नेऊ नका, तेवढं लांब कुणी चालत जाणार नाही. ती दुरुस्ती मी नकाशात केली आहे.

आपला,
एक निवृत्त बसचालक,
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई