बोअरचे पैसे पाठवू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आठशे फुटांपर्यंत जाऊ द्या, पैसे मी पाठवतो." तेव्हा मी विषय बदलला, कारण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. तुझे अण्णा आणि मी ठरवलंय, बोअर घ्यायचा नाही. का, ते नीट लिहिते. तू इंजिनियर आहेस. यंत्र कसं चालतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते गावात आल्यावर गावाचं काय होतं, ते मात्र आम्ही इथे राहून पाहिलंय.

बोअरवर माझा राग नाही, हे आधी सांगते. 1972 च्या दुष्काळात आड-विहिरींनी तळ गाठला, तेव्हा सरकारने युनिसेफच्या मदतीने ड्रिलिंगच्या गाड्या गावोगाव फिरवल्या. पहार-सुरुंगाने महिनोन्‌महिने न फुटणारा काळा पाषाण त्या बघता बघता भेदायच्या. मग वर हापसा बसायचा. सुरुवातीचे बिडाचे हापसे सारखे मोडत. जालना-सोलापूरकडच्या ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांमध्ये त्यात सुधारणा झाल्या आणि त्याच वाटेने पुढे 'इंडिया मार्क 2' हा हापसा तयार झाला. तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोचला. माझ्या आईच्या पिंढरीवर नारूचा, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या लांब जंताचा, वण होता. पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरायचं, त्याच पाण्यातून नारू अंगात शिरायचा. हापशाच्या पाण्यात तो नसतो. गाळून पाणी पिण्याची सवय आणि हापसा, दोन्हींनी मिळून नारू गेला. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बायकांच्या डोक्यावरची घागर ज्या यंत्राने हलकी केली, त्याला मी नावं ठेवणार नाही.

ते यंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आलं होतं. मग त्याच भोकात विजेची मोटार गेली आणि ते शेतात शिरलं. तिथून सगळं बदललं.

आपली विहीर तुला आठवते ती पडकी, झुडपं वाढलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तीन भावांची होती, सातबाऱ्यावर इतर हक्कांत तिघांचे हिस्से लिहिलेले. पाळीने पाणी. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने मोटार चालू करायची. वाद व्हायचे, नाही असं नाही. एकदा तर थोरले काका आणि अण्णा महिनाभर बोलत नव्हते. पण संक्रांत झाली की तिघं विहिरीच्या काठावर उभे राहायचे, खाली डोकावायचे, पाणी किती परस उरलंय ते बघायचे आणि तिथेच ठरायचं, यंदा उन्हाळी भुईमूग करायचा की नाही. पाणी डोळ्यांना दिसायचं. कमी झालं की हात आपोआप आखडायचा, आणि एकाचा आखडला की तिघांचा.

बोअरमध्ये डोकावता येत नाही. साडेसहा इंची भोक, त्यावर लोखंडी टोपण. खाली किती पाणी आहे ते मोटार कोरडी चालायला लागल्यावरच कळतं.

शेजारच्या शिवारात पहिला बोअर झाला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं होतं. तामिळनाडूतल्या तिरुचेनगोडची गाडी, पोरं तमिळ बोलणारी. आधी पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. मग कॉम्प्रेसर सुरू झाला. कान बसतील असा आवाज, भोकातून करड्या भुकटीचा लोट. मुरूम गेला, मांजऱ्या खडक गेला, काळा पाषाण लागला. मालक प्रत्येक नळीगणिक फुटाचा हिशोब करत होता. पहाटे भुकटी ओली झाली आणि पाणी उसळलं. "दोन इंची लागलं!" लोकांनी गुलाल उधळला. मीही आनंदाने घरी आले.

पुढच्या उन्हाळ्यात आपली विहीर लवकर आटली. मग थोरल्या काकांनी बोअर घेतला, मग धाकट्यांनी. पाळी संपली. भांडण संपलं, तसं बोलणंही संपलं. तिघांचं पाणी तीन भोकांत गेलं आणि विहिरीचा गाळ काढायला कुणालाच कारण उरलं नाही. गेलेल्या पाण्याइतकंच मला हे लागलंय.

यात कुणी दुष्ट नव्हतं, बाळा. विजेचं बिल अश्वशक्तीवर यायचं, मोटार दोन तास चालवा की दहा तास, आकडा तोच. वीज यायची रात्री-बेरात्री, म्हणून लोकांनी ऑटो स्विच बसवले. वीज आली की मोटार आपली आपण चालू, शेतकरी झोपलेला, उसाचे पाट भरून वाहतायत. साप-विंचवाच्या भीतीतून सुटका व्हावी म्हणून घेतलेली ती छोटी डबी पाणी किती उपसायची, ते कुणाला ठाऊक! साखर कारखाना जवळ, उसाला हमखास भाव, म्हणून ऊस. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या घरापुरता शहाणपणाचा होता. सगळे मिळून 2016 ला कुठे येऊन पोचलो ते तू पाहिलंस. लातुरात टाक्यांवर जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

आता तुझ्या आठशे फुटांविषयी. मी शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, तेवढ्या अधिकाराने सांगते. आपला दख्खनचा बेसाल्ट म्हणजे वाळूचा साठा नव्हे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, आणि पावसाने भरतं तेही मुख्यतः तेच. खोल भेगेत लागलंच, तर ते बहुधा फार जुनं पाणी असतं. आपण ते दोन-तीन हंगामांत उपसू, भरायला कैक पिढ्या लागतील. म्हणूनच राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई आहे. बोअरचे एजंट हे सांगत नाहीत.

तू सौर पंपाचंही बोललास. त्याला माझा विरोध नाही. अण्णांची रात्रपाळी सुटेल, यासारखं सुख नाही. पण दिवसभर फुकट चालणारी मोटार खोल बोअरवर बसली, तर बंद कोण करणार आणि कशासाठी? आधी पाण्याचं ठरू दे, मग पॅनेल.

हिवरे बाजारला मी मागे शिक्षकांच्या सहलीसोबत गेले होते. पोपटराव पवारांच्या त्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असा गावाचाच नियम. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. तिथेही पंप आहेत, ठिबक आहे. फक्त पाणी किती उपसायचं हे पंपाचा मालक एकटा ठरवत नाही.

एवढं सगळं गाव आज आपल्या हातात नाही. विहीर आहे. थोरल्या काकांचा बोअर गेल्या वर्षी गेला, धाकट्यांचा अर्धा तास चालतो. दोघांशी अण्णा बोललेत. गाळ काढायचा, कठडा बांधायचा, वरच्या ओढ्याचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं, आणि ऊस मोडून तूर-सोयाबीन, थोडा ठिबकवर भाजीपाला. थोरले काका उसावर अडून बसलेत. तुझं ते ऐकतात, तेव्हा दिवाळीला चार दिवस जास्तीची रजा काढ आणि त्यांच्याशी बस. पाळीचं यावेळी कागदावर लिहून घेऊ, तिघांच्या सह्यांनिशी. विहिरीतली पातळी मोजायला काही साधं बसवता येत असेल, तर ते तू बघ. त्याचा आकडा तिन्ही घरांच्या फोनवर दिसला पाहिजे, एकट्या तुझ्या नको.

बोअरचे पैसे ठेव तसेच. गाळाच्या मशीनचा तुझा हिस्सा किती येतो, ते अण्णा कळवतील. सूनबाईंना आणि पिल्लाला आशीर्वाद.

तुझी,
आई