सिंड्रेलाची ‘मूळ’ कथा कोणती?

महोदय,

रविवार पुरवणीतील परीकथांवरील लेखात सिंड्रेलाची मूळ कथा फ्रेंच असून बाकीच्या तिच्या नकला आहेत, असे म्हटले आहे. ते पटत नाही. फ्रेंच लेखक शार्ल पेरोची कथा १६९७ मधली. चीनमध्ये ये श्येन नावाच्या मुलीची अशीच कथा नवव्या शतकातच लिहिली गेली होती. तिथे सावत्र आई मुलीने जीव लावलेला मासा मारून खाते आणि हाडे उकिरड्यात पुरते. मुलगी ती हाडे शोधून खोलीत जपते. तीच तिला वस्त्रे नि सोन्याचे जोडे देतात. जर्मन ग्रिम बंधूंच्या कथेतही परी नाहीच. आईच्या थडग्यावरचे झाड आणि पाखरे मदतीला येतात. जोडा पायात शिरावा म्हणून सावत्र बहिणी बोट, टाच कापून घेतात. पेरोच्या दरबारी वळणाच्या कथेत हा रांगडेपणा औषधालाही नाही. लोककथांच्या अभ्यासक मॅरियन रोल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये ही कथा आणि तिच्या भावंडकथा यांची ३४५ रूपे संकलित केली. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितल्या गेलेल्या कथेची मालकी एकाच लेखकाला देणे हा त्या अनाम कथेकऱ्यांवर अन्याय आहे. पुरवणीत ये श्येनची कथा सविस्तर छापावी, ही विनंती.

– एक वाचक